उलट्या झाकणाचा डबा

सोमवार, परभणी

"यायली."

बोरीची गाडी कधी आहे, असं मी चौकशीच्या खिडकीत विचारलं, त्यावर मिळालेलं हे संपूर्ण उत्तर. वीस मिनिटांनी परत गेले. "यायली की." पाऊण तासानं तिसऱ्यांदा गेले, तेव्हा आतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत अगदी मायेनं समजावलं, "म्याडम, गाडी यायली. बसा निवांत." पुण्यात कुणी असं सांगितलं असतं तर मी तक्रारवही मागितली असती. इथे मात्र बसले, कारण तो शब्द मला आवडला. गाडी निघालेली आहे, वाटेत आहे, ती तिचं काम करतेय, तुम्ही तुमचं करा, एवढं सगळं त्या तीन अक्षरांत होतं. मोबाइलवर गोल गोल फिरणारं चाक हेच सांगायला धडपडतं, पण त्याच्याकडे बघून अजून कुणी निवांत बसलेलं मी पाहिलेलं नाही.

चाकाचा विचार डोक्यात यायचं कारण असं, की तीच माझी रोजीरोटी आहे. मी ॲपचे पडदे आखते. पडदे म्हणजे स्क्रीन हो, खिडकीचे नव्हेत. माझ्या सासूबाईंनी पहिली दोन वर्षं सगळ्या नात्यात "सून पडद्यांचं काम करते" असंच सांगितलं होतं, आणि एका मावशींनी बैठकीच्या खोलीची मापंसुद्धा पाठवली होती.

तर सध्याचं ॲप असं. हडंबा म्हणजे सोयाबीनची मळणी करणारं मशीन. गावात ज्याच्याकडे हडंबा असेल त्याच्याकडे शेतकऱ्यानं मोबाइलवरून आपला नंबर लावायचा. पहिलं गाव बोरी, जिंतूर तालुक्यातलं. तिथे बायकांच्या बचत गटाचा स्वतःचा हडंबा आहे. यंदाच्या हंगामात आम्ही मोठ्या थाटात ॲप सुरू केलं आणि पंधरा दिवसांत गटाच्या अध्यक्ष प्रज्ञाताईंचा फोन आला, "तुमचं ॲप आमाला नको. काढून टाका."

त्याच आठवड्यात दुसरा दणका. पुढच्या गावांसाठी मदत देऊ शकतील अशा मंडळींना आम्ही ॲप दाखवत होतो. त्यातल्या एका बाईंनी पर्समधून स्वतःचा फोन काढला, त्यात परदेशी टॅक्सीचं ॲप उघडलं आणि माझ्या ॲपच्या शेजारी धरलं. नकाशा तोच, तारे तेच, बटणं त्याच कोपऱ्यात. टॅक्सी उचलून तिथे मी हडंबा ठेवला होता, इतकंच. "यात तुमचं काय?" बाईंनी विचारलं. कान तापले होते एवढं आठवतं.

आमचे साहेब माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत, त्यामुळे फार शांत असतात. म्हणाले, "बोरीला जा. बोरी राहिली तर ॲप राहील. बोरी गेली तर आपण बंद करू. आणि येताना काहीतरी अस्सल आण. मातीतलं." जसं काही मी हुरडा आणायलाच चालले होते! पण दोन वर्षं मी त्या ॲपवर घालवली होती. ते बंद पडू नये असं मला फार मनापासून वाटत होतं, आणि ते वाटणं घेऊनच मी गाडीत चढले.

सोमवार दुपार, बोरी

प्रज्ञाताईंचं घर सापडायला अडचण आली नाही. निळं दार, पुढे लांबलचक ओटा, आणि ओट्यावर भिंतीला लागून स्टीलच्या डब्यांची रांग. घरात कार्य असेल, अशी माझी समजूत झाली.

प्रज्ञाताई पंचेचाळिशीच्या, बी. ए. झालेल्या, आवाज शाळेतल्या बाईंसारखा खणखणीत. मला वाटलं, दारातच हजेरी घेतील. पण इकडची रीत वेगळी. आपल्याकडे आधी काम, मग "चहा घेणार का?" अशा स्वरात प्रश्न, की माणसानं नाहीच म्हणावं. इथे आधी खाणं, भांडण नंतर.

"सुशीला खाता का?"

"कोण सुशीला?" मी दचकून विचारलं.

आतल्या खोलीत कुणीतरी हसून हसून भांडं पाडलं. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, कांदा-मिरची-शेंगदाणे घातलेला प्रकार. दोन ताटल्या खाल्ल्या. चहा आला, तो इतका गोड की चमचा उभा राहावा. बुद्धाच्या तसबिरीखाली आम्ही समोरासमोर बसलो आणि मग ताईंनी फोन काढला.

"हे बदाम कशाला हाय?"

मी बघितलं. आवडत्या गोष्टींवर खूण करायचं ते हृदय. आपल्याकडे पत्त्यांमुळे त्याला जन्मापासून बदाम म्हणतात, हे मला पडदा आखताना आठवलंसुद्धा नव्हतं.

"आवडलं तर दाबायचं," मी म्हटलं.

"हडंबा आवडून काय करायचं, ताई? नांदायचंय का त्याच्यासंगं?"

पुढे वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर बोट ठेवून म्हणाल्या, "अन् हे महादेवाचे पट्टे. आमचे गणपतराव हे बघून रोज फोनाला हात जोडायचे. ते जाऊ द्या. आता हे वाचा."

हडंब्याच्या फोटोखाली एक छोटा बाण वर-खाली नाचत होता आणि त्याच्याशेजारी एक शब्द होता. तो शब्द मी स्वतः लिहिला होता. परदेशी ॲपमध्ये तिथे तसाच बाण होता आणि तसाच शब्द, मी फक्त मराठी केलं होतं.

"खाली," मी वाचलं.

"म्हंजी?"

"म्हणजे… खाली. बोट खाली सरकवा, पुढची माहिती दिसेल."

ताईंनी भिंतीपलीकडे हाक मारली. "ओ गणपतराव, या बरं इकडं!"

गणपतराव म्हणजे शेजारचे शेतकरी, साठीच्या पुढचे, धोतर आणि त्याच्यावर नातवाचा क्रिकेटचा शर्ट. ताईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. "काका, हे काय लिहिलंय?"

"खाली."

"म्हंजी?"

"म्हंजी खाली हाय! जीप खाली, खोली खाली, तसं मशीन खाली. अन् बाण बी कसा नाचायलाय बगा, या या म्हनून."

दोनशे वर्षं निजामाच्या राज्यात राहिलेल्या मुलखात 'खाली' म्हणजे रिकामं, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. किंवा खरं सांगायचं तर मी विचारायला हवं होतं. रिक्षावाल्याला "खाली आहे का?" मीही पुण्यात रोज विचारते की!

मग झालं ते असं. हंगाम भरात आलेला, आणि माझं ॲप दिवसाचे चोवीस तास सांगत होतं की हडंबा खाली हाय. एका सकाळी सात जणांनी नंबर लावला. नंबर लावला की मी हिरवी बरोबरची खूण दाखवत होते. तिचा अर्थ 'तुमचा निरोप पोचला', पण लोकांनी अर्थ घेतला 'या'. सातही जणांनी मजूर सांगितले, ताडपत्र्या अंथरल्या, आणि हडंबा येईना म्हणून सगळे या ओट्यापुढे येऊन उभे राहिले.

"मशीन होतं कुठं? आमच्या गटातल्या सखूच्या रानात. तिचा नंबरच होता. पण लोक म्हणायले, ॲप खाली म्हणायलंय अन् तू न्हाई म्हणायलीस. आपल्या बायांना आधी द्यायलीस व्हय?"

"मी बी म्हनलो तसं," गणपतराव म्हणाले. "खोटं कशाला बोलू? चार दिवस बोललो न्हाई हिच्यासंगं."

प्रज्ञाताईंचा आवाज पहिल्यांदाच उतरला. "चार वरसं झाली हडंबा घेऊन. नंबरावरून एकदा बी तंटा न्हाई. कुणाचा बी माणूस असो, नंबर म्हंजी नंबर. माझ्या शब्दावर गाव चालतंय, ताई. तुमच्या एका शब्दानं मला खोटं पाडलं."

मला स्वतःची मनापासून लाज वाटली आणि मी तसं सांगितलं. माफी मागितली. त्यांनी चहा आणखी ओतला, पण मत बदललं नाही. "बुधवारी सांजच्याला गटाची बैठक हाय. तवा सांगू, ठेवायचं का काढायचं."

"पण मग चार वर्षं नंबर कसे लावत होतात?"

"तुमी त्याच्यापाशीच तर बसलाव," त्या म्हणाल्या आणि ओट्यावरच्या डब्यांकडे बोट केलं.

मंगळवार, बोरी, ओट्यावर

सकाळभर मी ओट्यावर ठाण मांडलं. ज्याला हडंबा हवा तो घरून एक डबा आणतो, त्यात आपल्या रानातल्या मूठभर शेंगा टाकतो आणि रांगेच्या शेवटी ठेवून निघून जातो. हडंबा त्याच्या रानाकडे निघाला की त्यानं डबा उचलायचा. रांग पुढे सरकते. ना फोन, ना पासवर्ड. एखाद्या डब्याचं झाकण उलटं घातलेलं असतं. त्याचा अर्थ, 'माझी जागा राहू द्या, पण माल तयार नाही. ढीग ओला आहे. मागच्याला पुढे जाऊ द्या.' माल वाळला की येऊन झाकण सुलटं करायचं. काय सांगू, दोन वर्षं आम्ही सहा जण काचेच्या खोलीत डोकं फोडून या एका प्रश्नावर अडलो होतो!

डब्यांवर नावं कोरलेली, पण त्या नावांचा काही उपयोग नाही, कारण अर्धे डबे लग्नात आलेले. गणपतरावांच्या डब्यावर कुणा शांताबाईंचं नाव. सखूच्या डब्यावर 'मामाकडून सप्रेम भेट.' मी विचारलं, मग ओळखता कसं? तर ताई म्हणाल्या, "पोच्यावरून. गणपतरावांचा बगा, बैलानं पाय दिलेला. सखूचा विहिरीत पडलेला." कुठला डबा कुणाचा, हे अख्ख्या गावाला तोंडपाठ.

मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. साहेबांना कळवलं, 'सापडलं! अस्सल! मातीतलं!' त्यांनी उत्तरादाखल तीन ज्वाळा पाठवल्या. मी हवेत होते. टॅक्सीवाल्या बाईंना काय काय सुनावायचं, याची वाक्यंसुद्धा जुळवली.

"हे तुम्हाला सुचलं कसं हो?" मी ताईंना विचारलं.

"मला कुठलं? पाथरी माझं माहेर. तिथल्या गिरणीत दळणाचे डबे असेच लावायचो की आमी."

मी जमिनीवर आले. म्हणजे इथेही नक्कलच!

"मग मी पाथरीला जाऊन येते," मी म्हटलं.

"काहून?"

"मूळ बघायला."

वेडी आहे की काय बाई, अशा नजरेनं त्यांनी बघितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धपाटे करून दिले. डबा माझाच होता. सासूबाईंनी त्यात बेसनाचे लाडू दिले होते, ते गटानं आदल्या दिवशीच संपवले होते.

बुधवार, पाथरी

पाथरीच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी पिशवी होती आणि पिशवीत जिवंत कोंबडी. कोंबडीनं मानेनं माझ्या धपाट्यांची चौकशी केली, यापलीकडे प्रवासाबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

गिरणी चालू होती. मालक मुनीरभाई, भुवयांपासून चपलांपर्यंत पिठानं पांढरे. प्रज्ञाताईंचं नाव सांगताच पट्टा बंद केला, स्टूल पुसलं, चहा मागवला. समोर डब्यांची रांग होतीच. मी विचारलं, "ही रांग तुमची आयडिया का?"

"हमारी कायकी? हमारे अब्बा हैदराबादमें रहते थे. वहाँ हमाम के बाहर लोग अपने लोटे रखते थे लैन में. लोटा रखा, जाके चाय पी के आया. अब्बा यहाँ आये, गिरनी डाली, लोटे का डबा हो गया."

"और हमामवाल्याने कुठून घेतलं?" माझं हिंदी घाईच्या वेळी असंच होतं.

मुनीरभाईंनी दाढीतलं पीठ झटकलं. "उसके वास्ते तो आपको लई दूर जाना पडेगा, म्याडम. पासपोट है क्या?"

मी इतकी हसले की चहा सांडला. साहेबांना हवं असलेलं 'अस्सल' शोधत मी बोरीहून पाथरी, पाथरीहून हैदराबाद आणि हैदराबादहून देशाबाहेर निघाले होते. बरं, तो 'अस्सल' शब्द तरी आपला कुठाय? 'खाली' ज्या रस्त्यानं आला, त्याच रस्त्यानं तोही आलाय.

उठता उठता मला एक आठवलं. "आणि झाकण उलटं घालायची पद्धत? तीही अब्बांचीच?"

"उल्टा?" मुनीरभाई गोंधळले. "नै जी. उल्टा कायको? डबा आया, मतलब गेहूँ आया. गेहूँ क्या गीला आता?"

मी तिथेच उभी राहिले. गिरणीत झाकण उलटं घालायची गरजच नव्हती. ती गरज फक्त बोरीत पडली, ओल्या ढिगापाशी. म्हणजे रांग पाथरीची, लोटे हैदराबादचे, पण ते झाकण प्रज्ञाताईंचं! आणि मी? मी टॅक्सीवाल्यांची रांग जशीच्या तशी उचलून बोरीत आणून ठेवली होती आणि एक झाकणसुद्धा उलटं केलं नव्हतं. उलट त्यांचा बाणही आणला, शब्दही आणला. त्या बाईंनी विचारलं होतं ते बरोबरच होतं. मला राग आला तो माझाच.

बुधवार संध्याकाळ, बोरी

परतीच्या जीपमध्ये मी फोनवर नवा पडदा आखला. कोंबडी नसल्यामुळे दोन्ही हात मोकळे होते. बदाम काढला, तारे काढले, महादेवाचे पट्टे काढले. नाचरा बाण काढला. त्या जागी डब्यांची रांग आणली, बोट लावलं की झाकण उलटं. 'खाली' हा शब्द ठेवला, पण हडंबा खरंच रिकामा झाला असं प्रज्ञाताईंनी सांगितल्यावरच तो दिसणार. आणि चाक फिरतं तिथे 'कृपया प्रतीक्षा करा' असं होतं, ते खोडून लिहिलं, 'यायलंय'.

ओट्यावर गटाच्या आठ बायका बसल्या होत्या. गणपतराव बोलावलेले नव्हते, पण होते. मी ताईंना आधी विचारलं, "झाकण उलटं घालायचं कुणी सुरू केलं?"

"ते व्हय? ते असंच. पयल्या वरसी गणपतरावांचा ढीग ओला निघाला. डबा उचला म्हनलं तर तोंड एवढंसं झालं. मग मीच झाकण उलटं टाकलं, म्हनलं राहू द्या जागा."

"तोंड बिंड काय न्हाई झालं," गणपतराव म्हणाले.

मी फोन दिला. ताईंनी उघडला. 'यायलंय' वाचून सखूनं तोंडाला पदर लावला. मग डबे आले. ताईंनी एकावर बोट ठेवलं, झाकण उलटं झालं. परत ठेवलं, सुलटं झालं. फोन आठही हातांतून फिरला. माझ्या दोन वर्षांचा निकाल त्या हातांत होता. शेवटी फोन गणपतरावांकडे गेला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"हे कुणाचे डबे? एकाला बी पोचा न्हाई."

सगळ्या बायका एकदम वाकून बघायला लागल्या. खरंच की. माझे अकराही डबे सारखे, नवेकोरे, चकचकीत. नावं होती खाली, पण नावावरून इथे कोण ओळखतंय!

"यात माझा कंचा?" सखूनं विचारलं.

बायका आपसांत कुजबुजल्या. मग प्रज्ञाताई उठल्या. माझ्या पिशवीतून धपाट्यांचा रिकामा डबा त्यांनी काढला, त्यात सखूकडून मूठभर शेंगा घेऊन टाकल्या, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला आणि झाकण उलटं घातलं.

"जागा ठेवली," त्या म्हणाल्या. "माल तयार न्हाई."

हसावं की रडावं मला कळेना. दोन्ही थोडं थोडं केलं. ॲप काढलं नव्हतं आणि ठेवलंही नव्हतं. वर डबा आता इथेच राहणार, तेव्हा सासूबाईंना काय सांगायचं, हा प्रश्न वेगळाच.

पुणे, नंतर

साहेबांनी विचारलं, "मिळालं का अस्सल?" मी सांगितलं, डबे बोरीचे, त्याआधी पाथरीचे, त्याआधी हैदराबादचे, आणि पुढे पासपोर्ट लागतो. ते शांतच राहिले. मग मी कामाला लागले. बोरीच्या लोकांना विनवण्या करून ज्याच्या त्याच्या डब्याचे फोटो मागवले. बैलाचा पाय, विहिरीचा मार, कुणाची तुटकी कडी, सगळं जसंच्या तसं रांगेत बसवलं. गणपतरावांनी तीनदा फोटो पाठवला, कारण पोचा नीट दिसत नव्हता. नवा पडदा बोरीला गेला, आणि मग काही दिवस तिकडून अवाक्षर नाही. सासूबाई मात्र रोज डब्याची आठवण काढत होत्या. तो त्यांच्या थोरल्या बहिणीनं, कुसुमताईंनी दिलेला, आणि ते त्या मला दर वेळी नव्यानं सांगत.

परवा दुपारी प्रज्ञाताईंचा फोटो आला. सोबत एक शब्दही नाही. निळं दार, ओटा, डब्यांची रांग. शेवटी माझा डबा. मी बोटांनी फोटो मोठा करून बघितला, आणि पुन्हा एकदा बघितला, कारण डोळे भरून आले होते. झाकण सुलटं होतं.

मी किंचाळलेच. सासूबाई धावत आल्या, फोनमध्ये डोकावल्या. "अगं बाई, हा तर आपला डबा! कधी येणार तो परत?"

"यायलाय," मी म्हटलं. "बसा निवांत."